एका तापाला आल्यावर

दहा वीसला मालाची जाळी भट्टीत जायला हवी होती. दहा बत्तीस झाले तरी रेणुकाच्या टेबलावरच्या पडद्यावर भट्टीसमोरची पट्टी कोरीच होती. आधी तिला वाटलं, तार सैल झाली असेल. मागं एकदा उंदरानं तार कुरतडली होती आणि अर्धा दिवस भट्टी मेल्यासारखी दिसत होती. तिनं पडदा दोनदा ताजा केला. पट्टी कोरीच राहिली. गेले पाच महिने त्या पट्टीत एक पांढरा ठिपकाही नव्हता. एक पंगत उठली की दुसरी बसायची, मध्ये फार तर सहा-सात मिनिटं. पंगत हा शब्द तिचा नव्हता, ईश्वरप्पांचा होता. लातूरच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात गिअर, पिना, दांडे असं काहीबाही बाहेरून यायचं, भट्टीत साडेआठ तास नऊशेवीस अंशांना बसायचं आणि तेलात बुडून टणक होऊन परत जायचं. एका वेळी भट्टीत सहाशे किलो माल मावायचा. दार एकदा लागलं की साडेआठ तास देवालाही उघडता येत नाही, असं ईश्वरप्पा म्हणत. एकोणतीस वर्षं ते त्या दारापाशी उभे होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येक जाळीला पंगतच म्हणत. रेणुका दोन वर्षांपूर्वी इथं नियोजन बघायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी हा शब्द तिला खड्यासारखा लागला होता. पण त्यांना तसं म्हणू नका असं सांगायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.

कारण पारूबाई, तिची आई. हदगावकडच्या ज्या खेड्यात ती जन्मली, तिथल्या एका मोठ्या घरच्या लग्नात ती आठ-नऊ वर्षांची असताना सगळ्या वस्तीबरोबर जेवायला गेली होती. ताट घरून न्यायचं, मांडवाबाहेर बाभळीखाली बसायचं आणि सगळं गाव जेवून उठलं की बोलावणं यायची वाट बघायची. आई ही गोष्ट रडून सांगायची नाही, उलट हसत सांगायची. “अकरा पंगती उठल्या. मी मोजल्या ना. मला त्या दिशी अकरापस्तोर मोजाया आलं.” बारावी वस्तीची पंगत, तिच्यात वरण संपलं होतं, भात तेवढा होता. आईच्या हसण्याला कुठं टोक होतं ते लहानपणी रेणुकाला कळायचं नाही. ती आपली अकरा बोटं कशी मोजली असतील, याच विचारात पडायची. पुढं नांदेडला इंजिनिअरिंगला असताना एका दुपारी सरांनी फळ्यावर एक साधा प्रश्न लिहिला. वीस कामं आहेत, यंत्र एक, कोणतं आधी लावायचं? मग त्यांनी किती तऱ्हांनी लावता येतील ते मांडलं. दोनाच्या पुढं अठरा आकडे. सेकंदाला एक तऱ्हा तपासली तरी सात हजार सातशे कोटी वर्षं लागतील, असं ते सहज म्हणाले आणि हातावरचा खडू झटकू लागले. वर्गात कुणी हललं नाही, कुणी जांभई दिली. रेणुकाला मात्र यात्रेतल्या मोठ्या पाळण्यावरून खाली बघत असल्यासारखं वाटलं. नुसती वीस कामं! घरात आईला सकाळच्या पारी असतात तेवढी. आणि त्यांच्या आत एवढं मोठं आभाळ दडून बसलेलं. त्या दिवशी ती वसतिगृहापर्यंत चालत गेली, रिक्षा केली नाही. रस्त्यावरची माणसं, हातगाड्या, सिग्नलला थांबलेली वाहनं, सगळी कुणाच्या ना कुणाच्या मागं ओळीत उभी दिसत होती.

त्या आभाळातून वाट काढणारा संगणकाचा कार्यक्रम तिनं स्वतः लिहिला होता. रोज पहाटे तो सगळी कामं चाळायचा, कुठलं पोलाद कुठल्या पोलादाबरोबर बसू शकतं ते बघायचा आणि जाळ्या भरून द्यायचा. भट्टी पूर्वी सरासरी एकाहत्तर टक्के भरायची, आता चौऱ्याण्णव टक्के भरत होती. कारखान्याचे मॅनेजर साहेबराव हा आकडा पाहुण्यांना तोंडपाठ सांगत. उद्या, शुक्रवारी, पुण्याहून मालक येणार होते. त्यांना हे दाखवलं की भट्टीचा शेवटचा शब्द ऑपरेटरकडून काढून कार्यक्रमाकडे द्यायचा, असं ठरलं होतं. ईश्वरप्पांच्या हातात मग फक्त बटण राहणार होतं. रेणुकाला त्याचं वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला, थोडं बरंही वाटत होतं.

दहा पस्तीसला ती उठली आणि शेडमध्ये गेली. ईश्वरप्पा भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घामानं मधला पुसट झालेला. शेजारी भरलेली जाळी तयार उभी होती. उसाच्या हार्वेस्टरचे गिअर थरावर थर रचलेले, स्वच्छ धुतलेले. भट्टी रिकामी तापत होती. तिचा तो खोल, एकसुरी घरघराट छातीच्या पिंजऱ्यात जाणवत होता.

“अप्पा, जाळी बाहेर का आहे?”

“थांबलोय जरा.” ते स्टुलावरून उठले. “देगलूरचा शाफ्ट येऊन राहिलाय. नळेगाव सोडलंय म्हणे तिनं.”

“कोणी?”

“रत्नम्मानं. लोखंड कातायची लेथ हाय तिची देगलूरला. सकाळी फोन आला तिचा, म्हणलं घेऊन ये. नवरा गेल्यापासून तीच चालवती.” त्यांनी खिशातला फोन काढून उगाच बघितला आणि परत ठेवला. “तिकडं चार गावच्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट मोडला, नऊ दिस झाले. हिनं नवा करून ठेवलाय. कच्चा बसवला तर आठ दिसात पुन्यांदा मोडतोय. इथनं टणक होऊन गेला का काम झालं.”

“पण आजच्या लॉटमध्ये तो नाही.”

“न्हाई ना. म्हणून तर थांबलोय.”

ते चढ्या आवाजात बोलले नव्हते. रेणुकानं जाळीकडं नीट बघितलं आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की गिअरचे थर मधोमध जुळलेले नाहीत. वरपासून खालपर्यंत मध्ये एक उभी पोकळी ठेवली होती, मनगटाएवढी नव्हे, चांगली मांडीएवढी. बाजूला फळीवर सतरा गिअर काढून ओळीनं ठेवले होते. म्हणजे हे सकाळपासून ठरलेलं होतं.

“तुम्ही सांगा,” ईश्वरप्पा म्हणाले. “तुम्ही म्हणाल तर हे सतरा परत घालतो अन् आत्ता बटण दाबतो. माझं काय न्हाई. पर सांगा तोंडानं.”

ती वळली आणि परत आपल्या खोलीत आली. तिला राग आला होता आणि तो कुणावर आहे ते कळत नव्हतं. बाई परवा येऊ शकली असती, कालही येऊ शकली असती. रीतसर नोंद करायची, वेळ घ्यायची, सगळ्या जगाला जमतं. तिनं पडद्यावर देगलूर शोधलं. नोंद होती. सोमवारची वेळ दिलेली होती. त्याखाली, सोमवारी पहाटे, कार्यक्रमानं पाठवलेला निरोप: आपले काम पुढील लॉटमध्ये घेण्यात येईल. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. आज, गुरुवारी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी चौथ्यांदा. प्रत्येक निरोपाखाली तिचं नाव होतं, रेणुका धम्मानंद कांबळे, नियोजन विभाग. एवढ्या पहाटे ती तर झोपेत होती. तिच्या झोपेत तिचं नाव देगलूरला जाऊन एका बाईला चार वेळा दारातून परत पाठवून आलं होतं.

कार्यक्रमाची चूक नव्हती. तिनं प्रत्येक दिवसाचा हिशेब उलगडून बघितला, अगदी बारकाईनं. सोमवारी एक मोठा लॉट आला, त्यानं जाळी पूर्ण भरली, अडतीस किलोच्या एकट्या शाफ्टला घेतलं असतं तर भोवतीची जागा वाया गेली असती. बरोबर. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. हर वेळी बरोबर. मग तिनं सगळ्या लहान कामांची यादी काढली, चाळीस किलोच्या आतली, पाच महिन्यांची. त्रेसष्ट कामं होती. बावन्न पुढं ढकललेली. अहमदपूरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा नऊ वेळा. पुस्तकात याला एक शब्द होता, तो ती परीक्षेत लिहूनही आली होती. मोठ्या कामांच्या गर्दीत लहान कामाची पाळीच येत नाही तेव्हा त्याला उपासमार म्हणतात. त्या वेळी तो नुसताच शब्द वाटला होता, दोन गुणांचा. आता ती यादी खाली खाली सरकवत गेली. बाभळीखाली बसलेली माणसं पडद्यावर दिसावीत तसं काही झालं नाही. फक्त गावांची नावं होती, वजनं होती, तारखा होत्या. पण त्या मांडवात वाढणारेही कुणी राक्षस नसतील, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तेही आपापल्या परीनं बरोबरच असतील. जागा वाया जाऊ नये, पंगत भरून बसावी, एवढंच बघत असतील. आईच्या हसण्यातलं टोक कुठं होतं ते तिला आत्ता, चौतिसाव्या वर्षी, एका आकड्यांच्या यादीसमोर लागलं. आणि त्या टोकाच्या दुसऱ्या बाजूला हात आपला होता.

खिडकीबाहेर कडुनिंबाची सावली भिंतीवरून फरशीवर उतरली होती. सगळ्यांत चमत्कारिक हे की कार्यक्रमाबद्दलचा तिचा अचंबा कमी झाला नव्हता, वाढलाच होता. त्या अठरा आकड्यांच्या आभाळात तो खरंच वाट काढत होता, माणसाच्या डोक्याला हजार जन्मांत सापडली नसती अशी. फक्त कुठं जायचं ते त्याला तिनं सांगितलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं: भरलेल्या जाळीकडे जा. तो गेला. एवढी अफाट गोष्ट आणि एवढी आज्ञाधारक. तिला भीती वाटली ती त्या आज्ञाधारकपणाची.

फोन वाजला. साहेबराव संभाजीनगरला मीटिंगला गेले होते, पण भट्टीची पट्टी त्यांच्याही फोनवर दिसायची.

“कांबळे मॅडम, भट्टी रिकामी का दिसतेय? चाळीस मिनिटं झाली.”

“एका कामासाठी थांबलोय, सर. देगलूरहून येतंय. अर्ध्या तासात पोचेल.”

“केवढं आहे?”

“अडतीस किलो.”

“अडतीस किलोसाठी सहाशे किलो थांबवलेत? पावणेआठला ट्रक निघतो. आत्ता जाळी गेली तर साडेसातला माल बाहेर पडतो. अर्धा तास थांबलात तर ट्रक चुकला. हार्वेस्टरवाले मला फाडून खातील.”

“माहीत आहे.”

“मग? ईश्वरप्पानं घोळ घातला ना? खरं सांगा.”

ईश्वरप्पांचं नाव घेतलं असतं तर तिथंच संपलं असतं सगळं. शुक्रवारी मालकांसमोर तेच उदाहरण म्हणून चाललं असतं, की बघा, माणसाच्या हातात ठेवलं की असं होतं.

“नाही सर. मी थांबवलंय.”

“तुमचाच कार्यक्रम अन् तुम्हीच मोडणार?”

“हाव,” ती म्हणाली. ऑफिसात ती ‘हो’ला कधी हाव म्हणत नसे. शिकायला हदगाव सोडल्यापासून तिनं तो शब्द दातांमागं धरून ठेवला होता. उद्या बघतो, असं काहीतरी म्हणून साहेबरावांनी फोन ठेवला.

ती शेडमध्ये गेली आणि ईश्वरप्पांना म्हणाली, “थांबू या.” त्यांनी मान हलवली. आभार नाही, शाबासकी नाही. दुसरं स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं. दोघं त्या रिकाम्या, घरघरणाऱ्या भट्टीसमोर बसून राहिली, बसस्थानकावर एकाच गाडीची वाट बघणारी अनोळखी माणसं बसतात तशी.

साडेअकराला जीप आली. रत्नम्मा पन्नाशीची, सडपातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, बोटांच्या पेरांत काळं तेल कायमचं मुरलेलं. शाफ्ट जुन्या गोधडीत गुंडाळून तिनं स्वतःच्या मांडीवर आडवा धरून आणला होता, तीन तास. तिच्या मांड्या बधिर झाल्या होत्या. उतरताना तोल गेला, तर आधी तिनं शाफ्ट सावरला.

“इथं रेणुकम्मा कोण?” तिनं विचारलं.

रेणुकाला आठवले ते चार निरोप. “मीच.”

रत्नम्मानं तिला खालून वर बघितलं. “अय्यो, लहान हायव की वो तुम्ही. मला वाटलं कुणी मोठी म्हातारी बाई असंल, पहाटं चारला उठून लिहिती.” त्यात टोमणा असेल तर तो शोधावा लागला असता. तिनं गोधडी सोडली. “बघा. वाकडेपणा केसाएवढा बी न्हाई. मी स्वतः फिरवलाय. गावची माणसं रोज येऊन लेथपाशी उभी ऱ्हात्यात, काय बोलत न्हाईत, नुसती उभी ऱ्हात्यात. त्यांचं ते उभं ऱ्हाणं लई जड जातंय वो.”

ईश्वरप्पांनी शाफ्ट दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडं धरला आणि एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर फिरवली. मग त्याच्या डोक्यावरच्या भोकात आकडा अडकवून तो जाळीच्या मधल्या पोकळीत उभा टांगला. आडवा ठेवला तर तापल्यावर स्वतःच्याच वजनानं वाकतो, हे ते रेणुकाला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. चारी बाजूंनी गिअर आणि मध्ये तो, कुठंही न टेकता. अकरा चाळीसला जाळी आत गेली आणि दार लागलं.

पुढं काय झालं ते फार मोठं नाही. ट्रक चुकला. हार्वेस्टरवाल्यांचं खरमरीत पत्र आलं आणि साहेबराव पंधरा दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. शुक्रवारी मालकांसमोर तिनं चौऱ्याण्णवच्या आकड्याआधी त्या त्रेसष्ट कामांची यादी ठेवली. मालक बराच वेळ यादी वाचत बसले आणि मग म्हणाले, पिठाच्या गिरणीवाल्याला एक फोन करा. त्यानंतर तिनं कार्यक्रमात एक ओळ घातली: काम जितक्या वेळा मागं ढकललं जाईल तितक्या वेळा त्याचं वजन दुप्पट धरायचं. भट्टी त्यामुळं अठ्ठ्याऐंशी टक्के भरू लागली आणि तिथंच राहिली. शेवटचा शब्द कुणाचा यावर पुन्हा चर्चा निघाली नाही. शाफ्ट शनिवारी बसला, चार गावांना पाणी गेलं. पण हे सगळं नंतरचं. रेणुकाला विचारलं तर तो गुरुवार तिच्या लक्षात आहे तो दुपारी तीन वाजता जे घडलं त्याच्यासाठी.

रत्नम्मा परत गेली नव्हती. माल बाहेर पडेपर्यंत ती थांबणार होती. रेणुकानं तिला डब्यातली अर्धी भाकरी आणि पिठलं दिलं. दोघी जेवल्या, फार बोलल्या नाहीत. तीनच्या सुमाराला ईश्वरप्पा खोलीच्या दारात आले. “चला,” म्हणाले, “बघायचं का?”

दोन वर्षांत रेणुका भट्टीच्या आत कधी डोकावली नव्हती. तिला भट्टी म्हणजे पडद्यावरची पट्टी. दाराच्या कुशीत रुपयाएवढं एक भोक होतं, जाड काच बसवलेलं, त्यावर झाकण. ईश्वरप्पांनी फडक्यानं झाकण फिरवलं, हातात एक काळसर काच दिली आणि बाजूला झाले. तिनं डोळा लावला.

आत काही नव्हतं.

जाळी नव्हती, गिअर नव्हते, शाफ्ट नव्हता. भिंती नव्हत्या, तळ नव्हता. नुसता उजेड होता, पिकल्या पपईच्या रंगाचा, गाढ, न हलणारा, कुठूनही न येणारा. सहाशे किलो पोलाद आपण आत घातलं आणि ते वितळून गेलं, असं क्षणभर तिला खरंच वाटलं.

“अप्पा, आत काहीच नाही!”

“हाय. समदं हाय.” ते अगदी हळू बोलले, निजलेल्या माणसाजवळ बोलावं तसं. “जवर कुणी गार हाय ना, तवर ते काळं दिसतंय. तासाभरामागं बघितलं असतं तर गिअर दिसले असते वळखू. मधला शाफ्ट लई येळ दिसत होता, मागं ऱ्हायलेला. आता तो बी आला. समदे एका तापाला आले का मग दिसत न्हाईत. कोण कोणता, कुणाचा, काय न्हाई. ह्यालाच म्या बघत असतोय. मीटरवर माझा इस्वास न्हाई. शेवटचा दिसंनासा झाला का मी घड्याळ लावतो.”

तिनं पुन्हा डोळा लावला. मध्य कुठं असेल तिथं ती बघत होती, पण त्या उजेडाला मध्य नव्हता आणि कडाही नव्हती. तिनं कितीतरी वेळा कागदावर चौकोन काढून ही भट्टी भरली होती, लांबी, रुंदी, उंची, इंच इंच मोजून. ती ही नव्हतीच. डोळ्याला पाणी आलं, ते उष्णतेनं असावं. मग मागं कुणीतरी उभं आहे असं वाटून ती बाजूला झाली. रत्नम्मानं काच घेतली, वाकली, आणि बघता बघता तिचे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले.

“ओ बाई, पाय भाजतील!” ईश्वरप्पा ओरडले. “फरशी तापलीय!”

तिला ते ऐकू गेलं नाही. ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती, पण डोळा काढत नव्हती. ईश्वरप्पांनी शेवटी वाकून चपला तिच्या तळव्याखाली सरकवल्या. रेणुकाचा फोन टेबलावर वाजत असल्याचं तिच्या खोलीच्या काचेतून दिसत होतं. कुणाला तरी उद्याची वेळ हवी असणार. रेणुका सवयीनं निघाली.

“ऱ्हाऊ द्या हो,” ईश्वरप्पा म्हणाले. “बघा अजून. आता पाच तास कुणालाच काय करता येत न्हाई.”

रत्नम्मा सरकली आणि तिनं रेणुकाला जागा करून दिली.